सांधा नसलेली भिंत

कापडाबद्दल बोलताना मराठी माणसाच्या तोंडी ‘पोत’ हा शब्द सहज येतो, कारण धागा किती जाड, वीण किती घट्ट आणि कापड हाताला कसे लागते हे सारे त्या एका शब्दात मावते. घराच्या अंतर्भागाची चित्रे संगणकावर तयार करणारे ज्याला ‘टेक्स्चर’ म्हणतात ती वस्तू मात्र याहून निराळी आहे. आराखड्यातील कोऱ्या पृष्ठभागावर चढवली जाणारी सपाट प्रतिमा म्हणजे टेक्स्चर, आणि भिंती, सामान, दिवे व कॅमेरा यांच्या नोंदींवरून संगणकाने आकडेमोड करून काढलेले शेवटचे चित्र म्हणजे रेंडर. कापडाचा पोत धाग्यांनी घडतो, तर टेक्स्चर हे त्या पोताचे केवळ चित्र असते. कापडी नक्षीच्या वॉलपेपरचे टेक्स्चर तर त्याच्याही एक पायरी पलीकडचे, कारण तेथे कापडाची नक्कल कागदाने केलेली असते आणि त्या कागदाची नक्कल प्रतिमा करत असते. या दोन नकलांपैकी आपण कोणती करत आहोत हे आधी ठरवले नाही, तर पुढचे सारे तांत्रिक कौशल्य वाया जाते.

वॉलपेपरचा युरोपातील इतिहास बराचसा कापडाच्या अनुकरणाचाच आहे. श्रीमंतांच्या दालनांत भिंतींवर विणलेले जाड पडदे, दमास्क आणि मखमल लावली जात असे, आणि ज्यांना ते परवडत नसे त्यांच्यासाठी सतराव्या शतकात ‘फ्लॉक’ कागद आला. कागदावर नक्षी रंगाऐवजी चिकट द्रावाने उमटवायची आणि तिच्यावर लोकरीची बारीक भुकटी टाकायची, म्हणजे भुकटी नक्षीपुरती चिकटून कातरलेल्या मखमलीचा भास होतो, अशी ती युक्ती होती. भारताच्या कोरोमंडल किनाऱ्यावर तयार होणाऱ्या रंगीत सुती कापडाने, म्हणजे मराठीतल्या चिटाने आणि हिंदीतल्या छींटीने, इंग्रजीला ‘चिंट्झ’ हा शब्द दिला. या कापडाची ओढ इतकी वाढली, की देशी लोकर व रेशीम धंद्याच्या बचावासाठी इंग्लंडला १७०० आणि १७२१ मध्ये त्याच्याविरुद्ध कायदे करावे लागले, आणि त्याच्या वेली, फुले व पाने कागदावरही छापली जाऊ लागली. विल्यम मॉरिस यांची १८८३ मधील ‘स्ट्रॉबेरी थीफ’ ही नक्षी सुती कापडावर छापण्यासाठी काढलेली होती, आणि आज ती वॉलपेपरवरही मिळते. कापडाकडून कागदाकडे जाणारी ही वाट त्यामुळे चांगली मळलेली आहे, आणि संगणकातील भिंत हा तिच्यावरचा पुढचा टप्पा आहे.

नक्षी पुन्हा पुन्हा यावी पण तिचा सांधा दिसू नये, ही अडचणही संगणकाच्या फार आधीची आहे. लाकडी ठशाने छापणाऱ्या कारागिराला ठशाच्या उजव्या कडेशी तुटलेली वेल डाव्या कडेशी नेमकी सुरू होईल अशीच नक्षी कोरावी लागते. छपाई रुळावर गेली तेव्हा उभ्या दिशेचा प्रश्न आपोआप सुटला, कारण रुळाला वर-खाली कड नसते आणि त्याचा घेर हीच नक्षीच्या एका आवर्तनाची उंची ठरते. आजच्या वॉलपेपरची एक गुंडाळी साधारणपणे ५३ सेंटिमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब असते, आणि नक्षीचे आवर्तन पुष्कळदा ५३ किंवा ६४ सेंटिमीटरांचे असते. संगणकातील टेक्स्चर दोन्ही दिशांनी पसरते, म्हणून तेथे वरची कड खालच्या कडेशी आणि डावी कड उजव्या कडेशी जुळावी लागते. कागद गुंडाळून दोन कडा चिकटवल्या की नळी होते, आणि ती नळी वाकवून तिची दोन तोंडे जोडली की बांगडी होते. बिनसांध्याची प्रतिमा गणिताच्या दृष्टीने अशी बांगडी असते, जिच्यावर कोणत्याही दिशेने चालत गेले तरी कड लागत नाही.

सपाट प्रतिमा वक्र वा त्रिमितीय पृष्ठभागावर चढवण्याची पद्धत एडविन कॅटमुल यांनी १९७४ मध्ये युटा विद्यापीठातील आपल्या प्रबंधात मांडली. पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदूला प्रतिमेतील एका जागेचा पत्ता द्यायचा, हे तिचे सूत्र आहे. अवकाशातील जागेसाठी क्ष, य आणि झ ही अक्षरे जशी वापरतात तशी या पत्त्यासाठी ‘यू’ आणि ‘व्ही’ ही दोन अक्षरे वापरली जातात, म्हणून या कामाला ‘यूव्ही मॅपिंग’ म्हणतात. पत्ता प्रतिमेच्या बाहेर गेला की संगणक पुन्हा पहिल्या कडेपासून मोजू लागतो, आणि छोट्या प्रतिमेने मोठी भिंत भरते ती एवढ्या एका नियमामुळे.

कापडाच्या बाबतीत कडा जुळवणे म्हणजे काय हे एका उदाहरणातून जवळून पाहता येते. एखाद्या साध्या विणीच्या लिननमध्ये दर सेंटिमीटरला १५ धागे आहेत आणि प्रतिमेत ५३ सेंटिमीटरांचा चौरस घेतला आहे असे धरले, तर एका दिशेने ७९५ धागे येतात. संख्या पूर्ण आहे, धागा मध्येच तुटलेला नाही, म्हणून काम झाले असे वाटते, आणि नेमकी तेथेच चूक होते. साध्या विणीत बाण्याचा आडवा धागा ताण्याच्या एका उभ्या धाग्यावरून आणि पुढच्याखालून जातो, म्हणजे ही वीण दर दोन धाग्यांनी स्वतःला गिरवते. ७९५ ही विषम संख्या असल्यामुळे प्रतिमा शेजारी शेजारी मांडताच सांध्यावर दोन ‘वरून’ एकमेकांशेजारी येतात, आणि भिंतभर दर ५३ सेंटिमीटरांवर अगदी बारीक पण सरळ रेघ उमटते, जिचे कारण रंगात शोधून कधीच सापडत नाही. उपाय सोपा आहे: ७९६ धागे घ्यावेत आणि एका मिलिमीटरहूनही कमी पडणारा फरक प्रतिमा किंचित दाबून भरून काढावा. ७९६ ला चारने भाग जातो, म्हणून जीनच्या कापडासारखी तिरपी रेघ दाखवणारी, दर चार धाग्यांनी फिरणारी ट्विल वीणही त्यात नीट बसते, परंतु पाच धाग्यांच्या साटिन विणीला ती संख्या चालत नाही आणि तिथे पुन्हा ७९५ च योग्य ठरते. कापडाचे टेक्स्चर तयार करणाऱ्याने आधी भिंग घेऊन धागे मोजावेत असे म्हणणे म्हणूनच फाजील काटेकोरपणाचे नाही. विणकर मागावर हेच मोजतो.

छायाचित्रातून टेक्स्चर बनवताना कापड ताणून सपाट पसरवतात, प्रकाश सर्व बाजूंनी सारखा ठेवतात आणि कॅमेरा कापडाला काटकोनात धरतात. मग प्रतिमा आडवी व उभी अर्ध्या मापाने सरकवतात, म्हणजे बाहेरच्या कडा मधोमध येऊन त्यांचा सांधा फुलीसारखा दिसू लागतो आणि आसपासचा भाग घेऊन तो बुजवता येतो. यापेक्षा झटपट वाटणारा मार्ग म्हणजे प्रतिमा आरशातल्यासारखी उलटून तिच्याच शेजारी लावणे, आणि कापडाच्या बाबतीत तो हमखास फसतो. ट्विलची उजवीकडे चढणारी तिरपी रेघ आरशात डावीकडे चढते, त्यामुळे कापडावर नसलेली नागमोड तयार होते. कोयरीची शेपटी समोरच्या कोयरीला भिडते आणि भिंतीवर फुलपाखरे वा मुखवटे बसल्यासारखे दिसू लागतात. छायाचित्रातील प्रकाशाचा दोष तर त्याहून चिवट असतो. भिंगातून येणारे चित्र कोपऱ्यांकडे थोडे काळवंडते, आणि एका तुकड्यात डोळ्याला न जाणवणारा तो काळवंडलेपणा चाळीस तुकडे जोडल्यावर भिंतभर चौकटींचे जाळे होऊन समोर येतो.

नक्षीची मांडणी ‘हाफ ड्रॉप’ पद्धतीची असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. या पद्धतीत वॉलपेपरचा प्रत्येक पट्टा शेजारच्या पट्ट्यापेक्षा आवर्तनाच्या अर्ध्या उंचीने खाली सरकवून लावतात, म्हणजे मोठे बुट्टे आडव्या रांगेत न येता तिरपे विखुरतात आणि भिंत शिस्तीत उभ्या केलेल्या पलटणीसारखी वाटत नाही. परंतु संगणक प्रतिमा सरळ रांगेतच मांडतो, त्याला अर्धी उतरण ठाऊक नसते. ५३ सेंटिमीटर रुंदीचा एकच पट्टा त्याला दिला तर तो सर्व बुट्टे एका पातळीत आणून कलावंताची मूळ मांडणीच बदलून टाकतो, म्हणून अशा वेळी दोन पट्टे शेजारी घेऊन १०६ सेंटिमीटर रुंदीची प्रतिमा तयार करावी लागते. स्फटिकांचा अभ्यास करणाऱ्यांना हीच अडचण ‘केंद्रित जाळी’ या नावाने परिचित आहे आणि त्यांचा उपायही हाच आहे. सपाट पृष्ठभागावर अखंड पसरणाऱ्या नक्षीच्या सममितीचे नेमके १७ प्रकार संभवतात हे १८९१ मध्ये येवग्राफ फेदोरोव्ह यांनी दाखवले तेही स्फटिकांचा विचार करताना, आणि गणितात त्या प्रकारांना आजही ‘वॉलपेपर गट’ असेच म्हणतात.

सांधा नाहीसा झाला की खरी कठीण गोष्ट पुढे येते, ती म्हणजे पुनरावृत्ती. माणसाची नजर सारखेपणा पकडण्यात तरबेज असते. कापडातली एक जाडसर गाठ, एक फिकट धागा किंवा एक डाग प्रतिमेत राहिला, तर भिंतीवर तो ठरावीक अंतराने येत राहतो, आणि पाहणाऱ्याला नक्षी दिसण्याआधी डागांची रांग दिसते. यावरचा जुना व चांगला उपाय असा, की बारीक वीण एका प्रतिमेत ठेवावी, मोठे उतारचढाव म्हणजे फिकट-गडद पट्टे आणि मळकटपणा दुसऱ्या प्रतिमेत ठेवावेत, आणि दोघींची मापे एकमेकींना भाग न जाणारी निवडावीत. एकीचे आवर्तन ५३ सेंटिमीटर आणि दुसरीचे ८९ सेंटिमीटर असेल, तर दोघींचा तोच मेळ पुन्हा जुळायला ४७ मीटरांहून अधिक अंतर जावे लागते, आणि घरातली कोणतीही भिंत एवढी लांब नसते. केन पर्लिन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत यासाठी फार उपयोगी पडते, कारण तिच्यात छायाचित्र लागतच नाही. गणिती सूत्रातून नैसर्गिक वाटणारा, ओळखता न येणारा चढउतार हव्या त्या मापाचा तयार होतो.

मात्र प्रत्येक पुनरावृत्ती हा दोष नव्हे, आणि प्रत्येक सांधा लपवण्याजोगा नसतो. छापील वॉलपेपरवर लिननचे चित्र असेल तर त्यातली गाठही रुळावरच असते, ती दर फेऱ्याला त्याच जागी उमटते, आणि तशी ती उमटलेली दाखवणे हेच त्या कागदाचे खरे चित्रण होय. उलट कागदावर खरे गवताचे वा तागाचे धागे चिकटवून केलेल्या ‘ग्रासक्लॉथ’सारख्या आवरणात कोणतेही दोन पट्टे सारखे नसतात. त्याच्या धाग्यांच्या रेषा शेजारच्या पट्ट्याशी जुळत नाहीत, रंगाची छटाही थोडी बदलते, आणि भिंतीवर उभे सांधे स्पष्ट दिसतात. किंबहुना ते दिसणे ही त्या आवरणाची ओळखच मानली जाते. अशा भिंतीसाठी बिनसांध्याचे टेक्स्चर जसेच्या तसे पसरवणारा चित्रकार ग्राहकाला जी भिंत दाखवतो ती कोणताही कारागीर लावून देऊ शकत नाही. तेथे भिंतीचे पट्ट्यांत विभाजन करून प्रत्येक पट्ट्याला प्रतिमेचा वेगळा भाग द्यावा, उजळपणात अल्पसा फरक ठेवावा आणि सांध्याची रेघ मुद्दाम दाखवावी हेच प्रामाणिक ठरते. घर सजवून घेणारा माणूस रेंडर पाहून पैसे खर्च करतो, त्यामुळे हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही.

मापाच्या बाबतीतही असाच प्रामाणिकपणा लागतो. ५३ सेंटिमीटरांच्या चौरसाला २०४८ पिक्सेल दिले, तर दर सेंटिमीटरला सुमारे ३९ आणि वरच्या लिननच्या दर धाग्याला अडीच पिक्सेल मिळतात. कोणताही आवर्ती तपशील पकडायला प्रत्येक आवर्तनाला किमान दोन नमुने लागतात, या नियमाच्या हिशेबाने हे जेमतेम पुरते. आता १९२० गुणिले १०८० पिक्सेलच्या रेंडरमध्ये तीन मीटर उंचीची भिंत ९०० पिक्सेल व्यापते असे धरू. तेथे एका सेंटिमीटरच्या वाट्याला तीनच पिक्सेल येतात, म्हणजे एका पिक्सेलच्या रुंदीत पाच धागे कोंबले जातात. संगणकाने त्यातला कोणता तरी एक धागा निवडून त्याचा रंग दिला, तर भिंतीवर कापडात कुठेच नसलेल्या लहरी उमटतात. या दोषाचे नाव ‘म्वारे’ आणि ते कापडावरूनच आलेले आहे: बारीक कंगोऱ्यांच्या रेशमाचे दोन थर एकमेकांवर ठेवून उष्णतेने दाबले की त्याच्यावर पाण्यासारखी झाक येते, त्या रेशमाला फ्रेंचमध्ये म्वारे म्हणतात. कंगोऱ्यांच्या दोन जाळ्या किंचित सरकून एकमेकींवर आल्या की लहर उठते, आणि धाग्यांची जाळी पिक्सेलच्या जाळीवर आली की तेच घडते.

लान्स विल्यम्स यांनी १९८३ मध्ये यावर दिलेला उपाय आजही सर्वत्र वापरला जातो. प्रतिमेच्या लांबी-रुंदीने निम्म्या, चौथाई, आठव्या हिश्शाच्या लहान आवृत्त्या आधीच तयार करून ठेवायच्या आणि भिंत जितकी दूर तितकी लहान आवृत्ती वापरायची. या साऱ्या आवृत्त्यांना मिळून मूळ प्रतिमेच्या फक्त एक तृतीयांश इतकीच अधिक जागा लागते, म्हणूनच ‘थोडक्यात पुष्कळ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीला ‘मिपमॅप’ हे नाव मिळाले.

तरीही रंगाची प्रतिमा कितीही निर्दोष असली तरी तिने कापड दिसत नाही, कारण कापड ओळखू येते ते मुख्यतः प्रकाशाला ते जसे उत्तर देते त्यावरून. जेम्स ब्लिन यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले, की पृष्ठभाग प्रत्यक्ष उंचसखल न करताही प्रत्येक बिंदूवर प्रकाश कोणत्या दिशेने परतेल एवढेच बदलले तर सुरकुत्या आणि खडबडीतपणा डोळ्यांना पटतो. आज हे काम ‘नॉर्मल मॅप’ करतो. ही निळसर जांभळी प्रतिमा असते, आणि तिचे रंग हे रंग नसून पृष्ठभागाचा कल सांगणारे आकडे असतात. म्हणून रंगाच्या प्रतिमेवर पडद्यासाठी होणारे उजळपणाचे संस्कार तिच्यावर होऊ द्यायचे नसतात, आणि ती आरशासारखी उलटवली तर डावीकडून येणारा प्रकाश उजवीकडून आल्यासारखा भासतो. तिसरी प्रतिमा खडबडीतपणाची: कुठे चमक गोळा होईल आणि कुठे विखुरली जाईल हे ती ठरवते. मखमलीसारख्या कापडात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे तिरप्या नजरेने पाहता उभ्या तंतूंच्या टोकांवर येणारी कडेची उजळ झाक. डिस्ने स्टुडिओत ब्रेंट बर्ली यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या पृष्ठभागाच्या सूत्रात कापडासाठी तिची वेगळी सोय केलेली आहे.

आता या सर्वांपैकी भिंतीला काय द्यायचे हे पुन्हा पहिल्या प्रश्नावरच येऊन ठेपते. पैठणीचे उदाहरण घेतले तर ते स्पष्ट होते. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे धूपछाँव पैठणीचा रंग पाहणाऱ्याच्या हालचालीबरोबर बदलतो, आणि काठापदराची जर धातूसारखी चमकते. भिंतीवर खरे रेशीम ताणून बसवायचे असेल तर रेंडरमध्ये हे सारे दिसलेच पाहिजे: धाग्यांच्या दिशेनुसार बदलणारी चमक, पाहण्याच्या कोनानुसार सरकणारा रंग आणि जरीला धातूचे गुणधर्म. पण भिंतीवर पैठणीचे चित्र छापलेला कागद लागणार असेल, तर त्यातील जर म्हणजे पिवळी शाई आहे, तिच्यावरची चमक एका विशिष्ट क्षणी टिपलेली आहे, आणि खोलीत दिवा कुठेही लावला तरी ती हलणार नाही. तशी ती न हलणारीच दाखवावी लागेल, आणि वरून द्यायचा पोत रेशमाचा नसून कागदाचा वा त्याच्यावरील प्लास्टिकच्या पातळ थराचा असेल. छायाचित्रातल्या सावल्या डावीकडे पडलेल्या आणि खोलीची खिडकीही डावीकडेच, असा विसंवाद कापडाच्या टेक्स्चरमध्ये दोष ठरतो, पण छापील कागदाच्या चित्रणात तोच वस्तुस्थिती असू शकतो.

शेवटी खोलीचे कोपरे उरतात. चार बाय तीन मीटरच्या खोलीचा घेर चौदा मीटर होतो, आणि ५३ सेंटिमीटरांचे २६ पट्टे लावल्यावर २२ सेंटिमीटर शिल्लक राहतात. प्रतिमा बांगडीसारखी अखंड असली तरी खोलीचा घेर तिच्या मापाच्या पटीत नसतो, म्हणून कुठे ना कुठे शेवटचा पट्टा पहिल्या पट्ट्याला भेटतो आणि नक्षी तुटते. कारागीर ती जागा आधीच ठरवून ठेवतो, बहुधा दाराच्या चौकटीवरचा हातभर पट्टा, जिथे तुटलेल्या वेलीची लांबी सर्वांत कमी असते आणि आत येणाऱ्याची पाठ तिच्याकडे असते. संगणकातील खोलीत भिंतींचे पत्ते मांडायला सुरुवातही त्याच चौकटीपासून करावी.